मुंगसाचं तोंड

दिल्लीला बदली होऊन येणारी मराठी माणसं गोडा मसाला, आकाशकंदील आणि लहानपणीच्या समजुती एवढं सामान कधी विसरत नाहीत. मसाला संपतो, कंदील फाटतो, समजुती मात्र इथल्या कोरड्या हवेत चांगल्या टिकतात. त्यातलीच एक अशी, की मुंगसाचं तोंड दिसलं की अडलेलं काम होतं. नुसती पाठ दिसून उपयोग नाही. तोंडच दिसायला हवं.

ही समजूत मलाही माहीत होती. पण ती आमच्या मागच्या व्हरांड्यात येऊन बसेल आणि वर चहा मागेल, असं वाटलं नव्हतं.

आम्ही सरोजिनी नगरच्या जुन्या सरकारी क्वार्टरमध्ये तळमजल्यावर राहतो. मी रुचिता. एका विमा कंपनीचं काम बहुतेक घरूनच करते आणि उरलेल्या वेळात फरीदाबादच्या एका संस्थेसाठी जखमी किंवा आई हरवलेली रानटी पिल्लं सांभाळते. आजवर खारी झाल्या, वटवाघळं झाली, एक उदमांजर झालं. पिल्लू मोठं होतं, संस्थेची माणसं ते नेऊन रानात सोडतात, आणि मी व्हरांडा फिनेलनं धुऊन काढते. कुणाला काही कळत नाही. या कामात कुणाला काही न कळणं हेच निम्मं यश असतं.

माझा नवरा सुधन्वा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. स्वभावानं इतका मऊ, की शिपाई चहा आणत नाही म्हणून हाच शिपायाला चहा नेऊन देतो. अवर सचिव व्हायची त्याची पाळी येऊन जुनी झाली होती. पदोन्नती समितीची बैठक, म्हणजे आमच्या घरात उठता बसता जिचं नाव निघतं ती डीपीसी, दर वेळी कुणाच्या तरी कोर्टकेसमुळे पुढे ढकलली जायची. त्याच्या मागून आलेल्यांना स्वतंत्र खोल्या मिळाल्या, दारावर पितळी पाट्या लागल्या. हा कुरकुर करत नसे. पण जेवताना मध्येच थांबून भिंतीकडे बघत बसायचा, आणि ते बघून माझा जीव कासावीस व्हायचा.

मुंगूस सापडलं समोरच्या ओळीत. तिथले क्वार्टर पाडून टॉवर बांधायचं काम चाललंय. जेसीबीनं एक भिंत ओढली, तिच्या पायाशी बीळ होतं. आई पळाली की दबली, कळलं नाही. हे एकटं पिल्लू विटांखाली मागचा पाय अडकून पडलं होतं, मुठीत मावेल एवढं. संस्थेची डॉक्टर कृतिका आली, तिनं पायाला इवलीशी पट्टी बांधली आणि पिंजरा व्हरांड्यात लावला. पिंजऱ्याला चहूबाजूंनी हिरवा कपडा. कृतिका मूळची साताऱ्याची, पण जन्मापासून दिल्लीत, त्यामुळे तिचं मराठी मध्येच रस्ता ओलांडून हिंदीत शिरतं.

"रुचितादी, एकच रूल," ती म्हणाली. "याला माणूस आवडायला नको. बिल्कुल नको. माणसाजवळ आपणहून येणारा नेवला सोडता येत नाही, यार. उद्या कुणी दगड घेऊन आला, कुणी ब्रशच्या केसांसाठी पकडायला आला, तर हा त्याच्यापुढेही जाऊन उभा राहील. मग आम्ही सोडतच नाही. सगळी उमर आमच्या पिंजऱ्यात."

मग मी जुन्या चादरीला डोळ्यांपुरती भोकं पाडली आणि ती अंगावर घेऊन खालच्या फटीतून खिमा सरकवायला लागले. बोलायचं नाही, हसायचं नाही, नाव ठेवायचं नाही. पाय सांधला, पिल्लू वाढलं, मडक्यातले किडे स्वतः पकडायला लागलं. चादरीची चाहूल लागली की अंगावरचे केस बाटली धुवायच्या ब्रशासारखे ताठ करायचं आणि खोक्यात पळायचं. मला फार बरं वाटायचं. आपल्याला बघून कुणी पळून गेलं की आनंद व्हावा, असं हे एकच काम मी करते.

एका सकाळी अलकनंदाताई कोकमाची बाटली परत द्यायला आल्या. शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतात, त्याही केंद्र सरकारात. मी बाटली ठेवायला आत गेले तेवढ्यात वाऱ्यानं कपडा उडाला.

"अगंबाई, मुंगूस! आणि बघतंय की माझ्याकडे."

मी धावत येऊन कपडा ओढला, कुणाला सांगू नका म्हणून हात जोडले. त्यांनी शपथ घेतली. त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलीचा कॅनडाचा अडकलेला व्हिसा आला आणि शपथ सुटली.

दुसऱ्या दिवशी बळवंतराव हजर. हे आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बोलण्यातून सरकार अजून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी चहा घेतला, बिस्किट घेतलं, आणि मग घसा साफ केला.

"रुचिता, मंडळाच्या वतीनं एक प्रस्ताव आहे. आपल्यातल्या किती लोकांची किती कामं अडलीत तुला कल्पना आहे. लांबूनच बघतील. शिस्तीत."

मी नियम सांगितला. पिल्लाचा उभा जन्म पिंजऱ्यात जाईल, हे समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, अगदी बरोबर म्हणाले, आणि जाताना विचारलं, "मग केव्हा सोयीचं पडेल?" सरकारात आयुष्य काढलेल्या माणसाला नाही म्हटलं, की त्याला ते पुन्हा यावं असंच ऐकू येतं.

मी दाद दिली नाही. पण आठवड्यातून दोनदा मला गुरुग्रामच्या ऑफिसात जावं लागतं, आणि ते दिवस सुधन्वाच्या हातात असतात. सुधन्वा कुणाला नाही म्हणू शकत नाही, हे मंडळाला माझ्याआधीपासून ठाऊक होतं.

मला कळलं ते अंड्यांच्या टरफलांवरून. मुंगूस अंडं पुढच्या पायांत धरतं, भिंतीकडे पाठ करून उभं राहतं आणि मागच्या पायांमधून फेकून फोडतं. एका संध्याकाळी बघते तर भिंतीला बलकाचे ओघळ, आणि मी तर त्या आठवड्यात अंडं दिलंच नव्हतं.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"कुणी नाही, म्हणजे थोडेच लोक," सुधन्वा म्हणाला. "आमचे जॉइंट सेक्रेटरी आले होते. त्यांना काय सांगू, कपडा काढता येत नाही म्हणून?"

"ते मराठी आहेत?"

"नाही, पाटण्याचे. पण त्यांच्या पीएची बायको कोल्हापूरची आहे ना."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. माझ्या ऑफिसच्या दिवशी सकाळी आमच्या व्हरांड्यात रीतसर दर्शन चालायचं. बळवंतरावांनी क्रमही लावून दिला होता. ज्यांची डीपीसी जवळ आली आहे ते आधी, मग बदलीवाले, मग व्हिसावाले, मग मुलांच्या परीक्षा, आणि लग्नं सर्वांत शेवटी, कारण त्यांना मुदत नसते. मुंगूस कधी येईल, कधी तोंड दाखवील, याचा नेम नव्हता. आत आहेत की नाहीत हे कळत नव्हतं, आणि बाहेर माणसं चप्पल काढून ताटकळत होती. असा प्राणी या लोकांनी जन्मभर एकच पाहिला होता, म्हणून ते त्याला 'साहेब' म्हणायला लागले. साहेब आले का, साहेबांचा मूड कसा आहे, आज साहेबांनी माझ्याकडे पूर्ण वळून पाहिलं. आणि साहेबांकडे रिकाम्या हातानं जायची यांना सवय नाही, म्हणून प्रत्येकजण एक अंडं आणायचा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सुधन्वाशी भांडले. तो नेहमीसारखा सगळं कबूल करून गप्प बसला. गप्प बसणाऱ्या माणसाशी किती वेळ भांडणार?

महिन्याच्या शेवटी कृतिका तपासायला आली. तिनं कपडा बाजूला केला आणि समोर उभी राहिली. साहेब खोक्यातून बाहेर आले, जाळीशी येऊन दोन पायांवर उभे राहिले आणि तिच्या हातांकडे बघायला लागले. अंडं कुठाय, असा साधा प्रश्न होता.

मी कृतिकाला दर्शनाचं सगळं सांगून टाकलं. मी चादरीत घामाघूम होऊन वाढवलेलं पिल्लू सगळ्या मंडळानं मिळून माणसाळवलं होतं.

"शेवटचा चान्स देते," ती शेवटी म्हणाली. "ज्यांनी ज्यांनी खायला दिलं, त्यांनी आता याला डरवायचं. थाळी वाजवा, ओरडा, पाणी मारा. नंतर फरीदाबादच्या जंगलात नेऊन बॉक्स उघडू. सीधा गेला तर गेला. माणसांकडे वळला, तर उचलून सेंटरला, कायमचा."

मी बळवंतरावांच्या घरी गेले. मंडळाची सभा तिथेच भरली होती. मी सांगितलं, प्रत्येकानं येऊन मुंगसावर एकदा खेकसायचं आहे. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. यातला एकेक माणूस दिवसभर खिडकीपलीकडच्या लोकांवर खेकसत असतो, त्यासाठी पगार घेतो आणि रविवारी त्याचे किस्से सांगतो. पण मुंगसावर?

"माझी पेन्शनची केस अजून निघायचीय गं," एकजण म्हणाले.

"व्हिसा झाला, पण मुलीचं तिथं कायम राहायचं पीआर बाकी आहे," अलकनंदाताई म्हणाल्या.

बळवंतराव म्हणाले की प्रस्तावाशी ते तत्त्वतः सहमत आहेत.

तेव्हा मी एकटीनंच काम हाती घेतलं. कुकरचं झाकण आणि डाव घेऊन मी सकाळ-संध्याकाळ पिंजऱ्यापुढे तांडव केलं. शेजारच्या पंजाबी काकूंनी एकदा हळूच विचारलंही, की घरात सब ठीक आहे ना. काही दिवसांनी कृतिका पुन्हा आली. मी पुढे झाले तर मुंगूस शेपटी फुलवून पळालं. ती पुढे झाली तर ते परत आलं, उभं राहिलं.

"रुचितादी, हा फक्त तुम्हाला घाबरतो," ती म्हणाली. "याला वाइल्ड नाही म्हणत. याला शादी म्हणतात."

मी हसले नाही. तिनं सुधन्वाला पुढे बोलावलं. तो नाइलाजानं आला, आणि मुंगूस जाळीला नाक लावून त्याच्या दिशेनं बारीक आवाज काढायला लागलं. असा आवाज पिल्लं आईसाठी काढतात. मी सुधन्वाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

दर्शनाचे दिवस मी बंद पाडले होते, पण हा रोज पहाटे, मी उठायच्या आधी, अंडं उकडून देत होता. रोज त्याचं तोंड बघूनच ऑफिसला जात होता.

"याला सर्वांत ज्यादा भरोसा सरांवर आहे," कृतिका म्हणाली. "डरवायचं तर सरांनीच."

ती गेल्यावर मी कुकरचं झाकण सुधन्वापुढे ठेवलं. त्यानं ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत ठेवलं.

"डीपीसी होईपर्यंत थांब ना," तो म्हणाला. "या वेळी खरंच होतेय. मीटिंगची तारीख आलीय."

"तू शिकलेला माणूस आहेस, सुधन्वा."

"आहे ना. शिकून काय मिळालं ते बघतेच आहेस." त्याचा आवाज चढला नव्हता, नुसता थकला होता. "अनुभव होता, नाही उपयोग झाला. सीआरमधले शेरे चांगले होते, नाही उपयोग झाला. ऑफिसात मान वर करून माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नाही गं. हे निदान बघतं."

राग होता, पण त्याहून जास्त कीव आली, आणि नवऱ्याची कीव येणं मला मुळीच आवडत नाही. झाकण मी स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. मी वाजवत राहिले, तो बघत राहिला, आणि मुंगूस आम्हा दोघांच्या मधोमध वाढत राहिलं.

डीपीसी खरंच झाली. निकाल शुक्रवारी दुपारपर्यंत लागणार होता, आणि कृतिकानं मुंगूस सोडायलाही शुक्रवारच ठरवला. सुधन्वानं रजा टाकली. आम्ही बॉक्स घेऊन फरीदाबादच्या बाजूच्या अरवलीत पोहोचलो. खडकाळ उतार, बाभळीसारख्या कीकरची झुडपं, दूरवर नव्या इमारती. आणि पायवाटेच्या तोंडाशी मानेसरच्या एका कारखान्याची कामगारांची बस उभी.

बसमधून मंडळ उतरत होतं. अध्यक्षांच्या भाच्यानं कंपनीतून बस मिळवली होती. बायका जरीच्या साड्यांत, पुरुष ऑफिसच्या ओळखपत्रासकट, कारण इथून परस्पर कामावर जायचं होतं. अलकनंदाताईंनी नारळ, तांदूळ आणि खण आणला होता. म्हणाल्या, "सासरी चाललंय, रिकामं कसं पाठवायचं?" मी म्हटलं, तो नर आहे. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

"तुम्ही सगळे परत जा," मी म्हणाले. "त्यानं तुमच्याकडे बघितलं तरी तो जन्माचा अडकेल."

"आम्ही मागे उभे राहतो ना," बळवंतराव म्हणाले. "शेवटचं एकदा. आवाजसुद्धा होणार नाही."

कृतिकानं कपाळाला हात लावला. पण बॉक्समधलं जनावर धडपडत होतं, ऊन वाढत होतं, जास्त वेळ घालवणं बरं नव्हतं. तिनं मंडळाला एका खडकामागे थांबवलं आणि बॉक्सचं दार वर ओढलं.

मुंगूस बाहेर आलं. हवा हुंगली, दोन पायांवर उभं राहून समोरचं रान पाहिलं. मग जमिनीला पोट लावून सरळ झुडपांच्या दिशेनं चालायला लागलं. ते चाललं होतं, खरंच चाललं होतं, आणि आम्ही सगळे त्याची पाठ बघत होतो.

पाठ बघून मंडळाचा धीर सुटला. "साहेब," कुणीतरी हळूच म्हणालं. मग आणखी कुणीतरी. बळवंतराव खडकाच्या पुढे आले आणि त्यांनी खिशातून अंडं काढून दगडावर टकटक केलं. मागून बाकीच्यांचीही अंडी निघाली. टकटक, टकटक. जणू बैठकीत सगळ्यांनी मिळून टेबल वाजवावं.

झुडपं हातभर राहिली होती. मुंगूस थांबलं. त्याचे कान हलले. त्याचं डोकं हळूहळू वळायला लागलं.

कृतिकाचा हात मुंगूस पकडायच्या जाळीकडे गेला. मला ओरडायचं होतं, पण त्याला माझी भीती आधीपासूनच होती, माझ्या ओरडण्याचा काय उपयोग होणार होता.

माझ्या बाजूनं सुधन्वा धावत सुटला. ज्या माणसानं लग्नापासून माझ्यावर, शिपायावर, रिक्षावाल्यावर कधी आवाज चढवला नाही, तो हात वर करून, पाय आपटत, गळ्याच्या शिरा ताणून मुंगसाच्या अंगावर गेला. "नीघ! चालता हो! परत तोंड दाखवू नकोस!" त्यानं माती उधळली, एक फांदी उचलून दगडावर आपटली. मुंगसाचे सगळे केस उभे राहिले. क्षणभर ते जागच्या जागी थिजलं, ज्यानं रोज अंडं दिलं तोच हा आहे हे त्याला जणू खरं वाटेना. सुधन्वानं फांदी पुन्हा आपटली. मग ते झुडपात घुसलं आणि दिसेनासं झालं.

तोंड कुणालाच दिसलं नाही.

बळवंतरावांच्या हातातलं अंडं फुटून त्यांच्या बाहीवर आलं होतं. ते पुसत त्यांनी सुधन्वाकडे पाहिलं आणि हलकेच विचारलं, "तुझा निकाल आजच आहे ना रे?"

"हो," सुधन्वा म्हणाला. त्याला धाप लागली होती.

बळवंतरावांनी मान हलवली, एखाद्याच्या घरी वाईट बातमी कळल्यावर हलवतात तशी, आणि मंडळ बसमध्ये चढलं. कृतिकानं रिकामा बॉक्स उचलला आणि सुधन्वाशी हात मिळवला.

परतताना गाडी मी चालवत होते. बदरपूरच्या अलीकडे त्याला ऑफिसातून फोन आला. तो "अच्छा, अच्छा" म्हणत ऐकत राहिला आणि फोन मांडीवर ठेवला. त्याचं नाव नव्हतं. त्याच्या मागच्या दोघांचं होतं. लगेच मंडळाचे फोन सुरू झाले, ते त्यानं घेतले नाहीत. त्याचे डोळे भरून आले होते. मी एक हात त्याच्या हातावर ठेवला.

"मी ओरडलो नसतो तर," तो म्हणाला आणि थांबला.

"तर नाव आलं असतं, असं खरंच वाटतं तुला?"

त्यानं वाजणारा फोन बंद केला. खोटं बोलणं त्याला कधीच जमलेलं नाही.

"हो, वाटतं," तो म्हणाला. "पण तरी ओरडलोच असतो."